साफ केलेलं आभाळ

माझ्या हाताला एक सवय आहे आणि तिचं मी बरीच वर्षं कौतुक करून घेतलं आहे. फोटोत नको ते काही दिसलं, की विचार करायच्या आत माझा हात ते पुसून टाकतो. नवरीच्या हनुवटीवरची पुटकुळी, सासूबाईंच्या पैठणीवर सांडलेला मठ्ठा, हार घालताना मध्येच घुसलेला कुणाचा तरी मोबाइल. लग्नाचे अल्बम तयार करणं हा माझा धंदा. फोटो काढणारे वेगळे, ते मांडवात घाम गाळतात. मी घरी कॉम्प्युटरपुढे बसून त्यांच्या फोटोंची साफसफाई करते, पानं लावते आणि अल्बम छापायला पाठवते. नाशिकच्या फोटोग्राफर मंडळींत माझं नाव आहे ते आभाळासाठी. लॉन्सवरच्या लग्नांत आभाळात काय काय असतं म्हणून सांगू! विजेच्या तारा, ड्रोन, कबुतरं, शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी. माझ्याकडून फोटो परत गेला की आभाळ कोरं करकरीत. "ताई, आभाळ द्यावं तर तुम्हीच," असं म्हणतात. मीही ते ऐकून फुशारत असे.

त्या सवयीची मला आता लाज वाटते. धंदा सोडलेला नाही, पोट त्यावर आहे. पण आभाळावरून हात फिरवताना अण्णा आठवतात आणि कान गरम होतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर उभं राहून जन्म काढला. सिन्नरकडच्या खेड्यातून आलेला माणूस, शिक्षण बेताचं, पण मापाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. घरातही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालं की त्यांना जेवण जात नाही. आणि नक्की ठाऊक नसलेली गोष्ट त्यांच्या तोंडून काढून दाखवावी कुणीही! भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारलं तरी दुसरा घास खाऊन मग सांगणार. आई म्हणते, "यांना कोर्टात साक्षीला न्यायला पाहिजे होतं, खटला कधी संपलाच नसता."

मी नुकती शाळेत जायला लागले होते, तेव्हा एक धूमकेतू आला होता. वर्तमानपत्रांनी त्याचा इतका गाजावाजा केला होता, की वाण्याच्या दुकानातसुद्धा तोच विषय. अण्णांच्या खात्यातली सगळी माणसं शिफ्ट सुटल्यावर सायकलींवरून गावाबाहेर जाऊन आली. दुसऱ्या दिवशी जो तो सांगायला लागला, दिसला, केवढा होता, शेपूट तर अशी होती. अण्णा एकटेच म्हणाले, "मला नाय दिसला." सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. "मिस्त्रीला चष्मा लागला," हे वाक्य ते रिटायर होईपर्यंत चाललं. पुढे केव्हातरी, चहा पिताना, त्यातल्याच एकानं अण्णांना हळूच सांगितलं होतं, की त्या दिवशी कुणालाच काही दिसलं नव्हतं. अण्णांनी ते आम्हाला घरी सांगितलं, पण कारखान्यात कुणाला म्हणून बोलले नाहीत. "दिसला असता तर मी बी सांगितलं असतं ना," एवढंच म्हणाले. त्यात थोडी खंत होती. ती मला लहानपणीही कळली होती, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

आता अण्णा सत्तरीत आहेत. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा पिकतोय. ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुमारास पेपरात आलं, की सूर्य मावळल्यावर पश्चिमेला काही दिवस धूमकेतू दिसेल, आभाळ स्वच्छ असेल तर साध्या डोळ्यांनी. अण्णांनी ते कात्रण कापून फ्रिजला चिकटवलं. मग मला फोन केला, "तुझा तो जुना कॅमेरा चालतो का गं?"

चालत होता. मी नवीन घेतला तेव्हा तो आई-अण्णांकडे पडून राहिला होता. त्याच्या लेन्सला एक ओरखडा होता, आणि उजेड समोरून आला की फोटोत फिकट पांढरी रेघ उमटायची. म्हणून तर तो मी बाजूला काढला होता. अण्णांनाही ते ठाऊक होतं, देतानाच सांगितलं होतं मी. सोबत ट्रायपॉड होता, पण त्याचा एक पाय मोडका. अण्णा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि लेथवर स्वतः उभं राहून पितळेचा तुकडा फिरवून तो पाय बसवून आणला. आईनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. म्हातारपणी नवीन खूळ, म्हटलं.

त्यांच्याबरोबर जायचे ते मूळचे मनमाडचे एक काका, रेल्वेतून रिटायर झालेले, सकाळी एकत्र फिरायला जातात ते. काकांची स्कूटर, मागे अण्णा, मांडीवर कॅमेरा आणि खांद्याला ट्रायपॉड. त्र्यंबक रोडनं महिरावणीच्या पुढे द्राक्षबागा लागतात तिथे जाऊन दोघं उभे राहायचे. नुकत्या छाटण्या झालेल्या, त्यामुळे बागेत नुसत्या काड्या, तारा आणि खांब. पलीकडे डोंगर. पहिल्या काही संध्याकाळी धुरकट निघाल्या. दोघं डास चावून घेऊन परत आले. आई रोज रात्रीच्या जेवणाला त्यांची चेष्टा करत होती.

आणि एका संध्याकाळी अण्णांना तो दिसला.

मला त्यांनी लगेच फोन केला होता, तिथूनच, बागेच्या कडेला उभं राहून. मी गरब्याचे फोटो साफ करत होते. शेकडो बायकांचे घामेजलेले चेहरे आणि वरून आयोजकाची सारखी घाई. फोन स्पीकरवर टाकला आणि काम चालू ठेवलं. अण्णा काय काय बोलत होते. मी "हो अण्णा", "अरे वा अण्णा" म्हणत होते. ते काय बोलले ते मला नंतर शब्दन् शब्द आठवलं, म्हणजे कान ऐकत होते, मी ऐकत नव्हते. ते म्हणाले होते, "डोळ्याला म्हणशील तर लय अंधुक हाय. काकांना दिसंना. मला बी आधी वाटलं, डोळाच दगा देतोय. पण कॅमेऱ्यात आलाय बघ. कॅमेरा काय खोटं बोलत नाय." त्यांचा आवाज चढला होता. अण्णांचा आवाज चढलेला मी फार वेळा ऐकलेला नाही. मी म्हटलं, "छान, छान. सावकाश घरी जा, अंधार झालाय."

दिवाळीच्या आधी आई अनारशाचा डबा घेऊन आली, त्यात एका प्लास्टिकच्या पिशवीत कॅमेऱ्याचं कार्ड होतं. "जरा साफसूफ करून एक चांगला मोठा कर म्हणालेत. भिंतीला लावायचाय," म्हणाली. मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. दहा-बारा फोटो, सगळे सारखेच. खाली काळे खांब आणि तारा, डोंगराची कड, वर केशरी ते जांभळं होत गेलेलं आभाळ. डावीकडे ठळक ठिपका, तो शुक्र. आणि उजवीकडे, एका खांबाच्या बरंच वर, फिकट पांढरी उभी रेघ.

मी धूमकेतू शोधला, अगदी नाही असं नाही. माझ्या मनात धूमकेतू म्हणजे हे एवढं मोठं डोकं आणि झाडूएवढी शेपटी. तसं काही दिसेना. मग मला वाटलं, अण्णांनी शुक्रालाच धूमकेतू समजलेलं दिसतंय. मला त्यांची कीव आली. बिचारे, याही वेळी हुकलं, म्हटलं. आता हे त्यांना तोंडावर सांगून दिवाळीत हिरमोड कशाला करायचा? आपण फोटो सुंदर करून देऊ आणि धूमकेतूचं नावच काढायचं नाही. असा सगळा शहाणपणा डोक्यात चालू असताना हातानं ती रेघ पुसलीसुद्धा. लेन्सचा ओरखडा, हात म्हणाला. एक टिचकी. आभाळ कोरं झालं.

मी गिऱ्हाइकांचे मूळ फोटो सहा-सहा महिने सांभाळते. कुणाचं भांडण नको म्हणून दोन ठिकाणी ठेवते. अण्णांच्या फोटोवर मात्र मी कार्डातच काम केलं, त्याच्यावरच सेव्ह केलं, छापायला एक पाठवला, बाकीचे सारखेच आहेत म्हणून उडवले, आणि कार्ड रिकामं करून आईबरोबर परत दिलं. कार्ड रिकामं करून द्यायचं, ही आमच्या धंद्यातली शिस्त. घरच्या माणसाच्या बाबतीत मी सांभाळण्याची शिस्त तेवढी विसरले आणि उडवण्याची बरोबर पाळली.

पाडव्याला फ्रेम घेऊन मी सातपूरला गेले. अण्णांनी कागद फाडला नाही, चिकटपट्टी नखानं सोडवली, घडी घालून ठेवली. मग फ्रेम खिडकीपाशी नेली. चष्मा वर केला, खाली केला. फोटोच्या उजव्या बाजूला नाक जवळजवळ टेकवलं. मी आईला डोळ्यांनी खुणावलं, बघ, किती आवडलाय.

"हे वरचं तू काढलंस?" त्यांनी विचारलं.

"कुठलं, ती रेघ? हो. लेन्सला ओरखडा आहे ना अण्णा, तो येतो तसा फोटोत."

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "असं व्हय." आणि मग, "शुक्र काय झकास आलाय." त्यांनी खिळा ठोकला, फ्रेम लावली, वर पाणसळ धरून बुडबुडा मध्ये येईपर्यंत ती सरळ केली. मी तोवर फराळाच्या ताटाकडे वळले होते.

थोड्या वेळानं मनमाडचे काका आले, फराळालाच. आल्या आल्या भिंतीकडे बघत म्हणाले, "काय मिस्त्री, कुठंय तुमचं शेंडेनक्षत्र? आता तरी दाखवा ब्वा."

अण्णा उठले. फोटोजवळ गेले आणि खांबाच्या वर, काचेवर बोट ठेवलं. "इथं हुतं म्हणलो होतो ना मी तुम्हाला? नव्हतं ते. कॅमेऱ्याच्या काचेवरचा ओरखडा होता. पोरीनं बघताक्षणी वळखला. तिचं रोजचं कामच हाय."

माझ्या तोंडात चकली होती. त्यांचं बोट जिथे होतं तिथे मी बघितलं आणि चकली तशीच राहिली. त्या लेन्सचा ओरखडा मी पाच-सहा वर्षं पाहिला होता. तो डाव्या कोपऱ्यात खाली यायचा, आडवा. फोटो बदलतो, जागा बदलते, ओरखडा आपली जागा सोडत नाही. उजवीकडे वर, उभा, तो कधीच नव्हता.

"मी उद्या सकाळी फिरायच्या मंडळींना सांगून टाकतो," अण्णा म्हणत होते. "गवगवा केला मी उगाच. चूक झाली तर झाली म्हणावं."

काका माझ्याकडे वळले. "खरंच ओरखडा का गं?"

त्या क्षणी मी खरं बोलले असते, तर पुढचं काही झालं नसतं. आई होती, काका होते, बाजूच्या काकू चिवडा देऊन जायच्या बेतात दारात उभ्या होत्या. आभाळाची एवढी मोठी कारागीर, आणि बापाचा धूमकेतू पुसून बसले, हे चारचौघांत सांगायचं? मी चकली गिळली.

"हो काका," मी म्हटलं. "कॅमेरा जुना आहे तो."

अण्णांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, तो त्या मान हलवण्यात दिसला. स्वतःच्या डोळ्यापेक्षा कॅमेऱ्यावर, आणि कॅमेऱ्यापेक्षा माझ्यावर.

घरी आले ती आधी आईला फोन करून कार्ड मागवून घेतलं, खोटंच कारण सांगून. उडवलेले फोटो परत मिळवायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे असतं. लावलं. त्यातून दारातली रांगोळी निघाली, आकाशकंदील निघाला, फराळाचं ताट निघालं. कार्ड लहान, आणि आईनं मधल्या दिवसांत नातेवाइकांना पाठवायला म्हणून भरपूर फोटो काढून घेतले होते. अण्णांचं आभाळ त्यांच्याखाली गेलं होतं. एका फोटोचा खालचा तुकडा तेवढा हाती लागला, तारा आणि खांब. वर राखाडी पट्टा.

एका संध्याकाळी मी एकटीच गाडी काढून महिरावणीच्या पुढे गेले. तीच बाग असावी. पश्चिमेला बघत उभी राहिले, मान दुखेपर्यंत. एव्हाना तो फिका पडत लांब गेला होता, नुसत्या डोळ्यांना दिसण्यातला राहिला नव्हता, हे मी पेपरात वाचून आले होते. तरी गेले.

आई फोनवर सांगत राहिली. अण्णांनी खरोखर सकाळच्या मंडळींपुढे उभं राहून सांगितलं म्हणे, की धूमकेतू वगैरे काही नव्हता, माझी चूक झाली. मंडळी हसली. कुणीतरी "मिस्त्रींचा धूमकेतू" असं नावच पाडलं. एखाद्यानं काही न झालेलं सांगितलं, की झाला बघा मिस्त्रींचा धूमकेतू. "यांना काही वाटत नाही म्हणतात," आई म्हणाली, "पण ट्रायपॉड माळ्यावर टाकलाय. आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करू म्हणतायत. मला काही नीट दिसत नाही म्हणतात."

ते ऐकून मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर मी त्याहून वाईट गोष्ट केली. धूमकेतू तयार करायचा ठरवला. त्यात अवघड काय होतं? पावसातल्या लग्नाला मी ऊन आणलेलं आहे. लग्नाला न आलेल्या मामाला मी ग्रुप फोटोत उभं केलेलं आहे. इंटरनेटवर लोकांनी काढलेले फोटो बघितले, आणि छापायला पाठवलेल्या प्रतीत, अण्णांच्या आभाळात, खांबाच्या वर, एक धूमकेतू बसवला. छान बसवला. डोकं तेजस्वी, शेपटी रुंद, ऐटीत एका बाजूला झुकलेली. लॅपटॉप घेऊन सातपूरला गेले. आई मंडईत गेली होती, ते बरंच झालं.

"अण्णा, मूळ फोटो सापडला," मी म्हटलं. "माझंच चुकलं होतं. ओरखडा नव्हता, धूमकेतूच होता. हा बघा."

किती सहज म्हटलं मी ते! अर्धं खरं आणि अर्धं खोटं, आणि दोन्ही एका दमात.

अण्णांनी चष्मा पुसला. लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. बराच वेळ बघितलं.

"हा मी काढलेला नाय," ते म्हणाले.

"तुमचाच आहे अण्णा. हे बघा ना खांब, डोंगर..."

"खांब माझे हायेत. हा नाय. हा लय जाड हाय. आणि एवढा कुठं कलला होता? सरळ होता तो. काटकोनाच्या गुण्याला लावल्यासारखा. जरासा, अगदी जरासा डावीकडं. आणि इतका उजेड असता तर काकांना दिसला नसता का? तो असा होता की..." त्यांनी हवेत बोट धरलं आणि हळूच वर नेलं. "नजर लावली की जायचा. जरा बाजूला बघितलं की यायचा."

बोट हवेतच राहिलं. स्वतः काय बोललो ते त्यांना तेव्हाच ऐकू आलं असावं.

"म्हणजे होता की तो," ते म्हणाले.

"होता, अण्णा," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर टाकला होता ते, कीव आली होती ते, टिचकी मारली ते, काकांपुढे खोटं बोलले ते, आणि हा आत्ताचा खोटा धूमकेतू. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी लॅपटॉपच्या बटनांकडे बघत होते. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मग मी मंडळींशी खोटं बोललो की," अण्णा म्हणाले. "बघितलेलं असताना नाय म्हणालो."

आयुष्यात एकदा त्यांना काही दिसलं होतं, आणि ते नाकारायला मी त्यांना लावलं होतं, तेही चारचौघांत उभं करून. माझ्या चुकीचा अर्थ त्यांनी असा लावला होता, की खोटेपणा त्यांच्याकडून झाला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची माझ्या खुर्चीला लावली. "हे पूस," म्हणाले. मी ऐटबाज धूमकेतू पुसला. "आता मी सांगतो तसा काढ."

मी काढायला लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले, उघडले, परत मिटले. "खांबापासून वर जा. अजून. बस्. आता एक सूत डावीकडं." लेथवर काम करणाऱ्याचं माप, इंचाचा आठवा भाग. मी एक सूत डावीकडे घेतला. "अर्धा सूत परत. हां. आता बारीक कर. अजून बारीक. आता फिका."

मी फिका केला.

"अजून."

"दिसणार नाही, अण्णा."

"मला तरी कुठं सहज दिसला होता. अजून फिका कर."

मी फिका करत गेले. शेवटी आभाळात एवढंसं काहीतरी राहिलं. मला ठाऊक होतं म्हणून दिसत होतं. एखाद्या लग्नाच्या फोटोत असतं तर मी ते कधीच उडवलं असतं. तेच, तसंच, त्याच जागी मी एकदा उडवलेलंही होतं, आता मला ते नीट ओळखू आलं.

अण्णा मागे रेलले. "हाच," म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला होता. बागेतून आलेल्या त्या फोनवरचा चढलेला आवाज कसा चेहरा करून आला असेल, ते मला आत्ता दिसलं. "हाच होता. एवढाच. तंतोतंत."

"मी हाच मोठा करून देते," मी घाईनं म्हटलं. "फ्रेम बदलून देते. उद्याच."

"नको."

"का?"

"हा तू काढलास. मी बघून सांगितलं, तू काढलास. हा फोटो नाय." ते थोडा वेळ परत बघत राहिले, डोळे भरून बघतात तसं. "आता पूस."

मी म्हटलं, राहू दे ना अण्णा, नुसता कॉम्प्युटरमध्ये. ते म्हणाले, "नको. उद्या कुणाला तरी खरा वाटंल." माझा हात, जो विचारायच्या आधी चालतो, तो चालेना. माऊसवर बोट ठेवून मी बसून राहिले. त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी टिचकी मारली. या वेळी काय पुसतेय ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळच्या मंडळींपुढे परत उभे राहिले आणि म्हणाले, "मी मागं सांगितलं ते चुकीचं. होता तो. मी बघितला. फोटो नाय." मंडळी आधीपेक्षा जास्त हसली, आई म्हणाली. "मिस्त्रींचा धूमकेतू" अजून चालूच आहे. अण्णांना आता त्याचं काही वाटत नाही, हे मात्र मलाही दिसतं. ट्रायपॉड माळ्यावरून खाली आलाय.

फ्रेम तशीच भिंतीवर आहे. ती काढून टाका, असं मी खूपदा म्हटलं. ते म्हणतात, शुक्र चांगला आलाय, डोंगर चांगला आलाय, का काढू? घरी कुणी नवीन आलं की अण्णा त्यांना भिंतीपाशी नेतात, खांबाच्या वर काचेवर बोट ठेवतात आणि सांगतात, "इथं धूमकेतू होता. आमच्या पोरीनं पुसला, चुकून." त्यात राग नसतो, टोमणाही नसतो. जसं झालं तसं सांगतात, कारण दुसऱ्या तऱ्हेनं सांगणं त्यांना येत नाही. पाहुणे आधी काचेकडे बघतात, तिथे काहीच नसतं. मग माझ्याकडे बघतात. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असते.

"हो," मी म्हणते. "मीच पुसला."